भांडी घासली का?

घरात माणूस मेलेला आहे आणि मांडणीवरची भांडी मात्र लख्ख घासून पालथी घातलेली आहेत, असं दिसलं की तामोरे मॅडम उंबऱ्यातच थांबायच्या. चष्मा थोडा खाली घ्यायच्या, मांडणीवरून एकदा नजर फिरवायच्या आणि तिथूनच विचारायच्या, "भांडी कुणी घासली?"

आत बायका रडत असायच्या, बाहेर पुरुष बांबू-दोरीच्या मागे लागलेले असायचे, आणि ही बाई भांड्यांचं विचारतेय. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे पुढे त्या प्रश्नाला काय उत्तर येतंय याकडे माझेही कान लागायला लागले. कारण पुष्कळदा त्या उत्तरातच सगळं असायचं.

डॉ. शालिनी तामोरे आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी होत्या. शवविच्छेदन म्हटलं की बाकीचे डॉक्टर काहीतरी निमित्त काढायचे, म्हणून ते काम हळूहळू मॅडमकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. मी बोईसरकडच्या एका ठाण्यात हवालदार. अकस्मात मृत्यूचे कागद माझ्याकडे असायचे. पंचनामा करायचा, प्रेत दवाखान्यात पोचवायचं, आणि मॅडमनी काढून दिलेले पोटातले अवयव बरण्यांत भरून, लाखेचं सील करून, सरकारी प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे. आमची ओळख या बरण्यांची.

मॅडम मूळच्या सातपाटीच्या. आई डोक्यावर टोपली घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायची. मॅडम ठेंगण्या, हाडापेराने रुंद, आणि चालायला अशा भरभर की त्यांच्यामागे मला, पोलीस असूनही, पळावं लागायचं. वरिष्ठांशी, कोर्टात, त्या शुद्ध मराठी बोलायच्या. राग आला किंवा जीव कळवळला की थेट सातपाटी सुरू व्हायची.

त्या अवयवांच्या बरण्यांत मिठाचं पाणी असतं. मीठ इतकं हवं की कितीही ढवळलं तरी तळाला दाणे उरले पाहिजेत, हा मॅडमचा दंडक. एकदा नव्या माणसाने हात आखडून मीठ घातलं. मॅडमनी बरणी उजेडात धरली, तळाकडे पाहिलं आणि त्याच्यासमोर ठेवली.

"आमच्या आयनं मला याच्यासाठी थोबाडीत दिलेली हाय," त्या म्हणाल्या. "मासलीत मीठ कमी पडलं तर वास तरी येतो. इथे नाय येत. इथे नुसता माणूस सुटून जातो."

कोण सुटून जातो, हे त्या माणसाला कळलं नाही. मला कळलं.

प्रत्येक वेळी त्या एक बरणी नुसत्या मिठाच्या पाण्याचीही भरायच्या. उद्या कुणी वकील म्हणाला की विष तुमच्या मिठातच होतं, तर दाखवायला. बरणीवरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायच्या, कारण पाणी लागलं तर शाई पसरते. आणि बरण्यांबरोबर स्वतःच्या हाताने एक पत्र लिहायच्या. हे पत्र दुसरे डॉक्टर लिहीत नसत. छापील फॉर्म भरला की त्यांचं काम संपायचं.

"मोरे," त्या मला म्हणायच्या, "प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. कीटकनाशक, उंदराचं औषध, दारू, हे ते न विचारता बघतात. झाडाचं विष तसं समोर येत नाही. धोतरा शोधा म्हटलं तर धोतरा शोधतील. तसं लिहिलं नाही तर कागद येईल, विष आढळून आले नाही. मग लोक म्हणतात विष नव्हतंच."

म्हणून त्यांना आधी जेवण शोधायचं असायचं. काय शिजलं, कशात शिजलं, कुणी खाल्लं, कुणी नाही खाल्लं. उष्टं भांडं, सोललेली सालं, चुलीपुढचा कचरा. हातात काठी घेऊन लोकांचे उकिरडे उपसणारी डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

आणि एक होतं. सगळ्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या घरी घोटभर चहा घेताना पाहिलं नाही. डब्यात दोन उकडलेली अंडी आणि केळी असायची. "सालीतलं खावं," म्हणायच्या. "उघडणारे हात आपलेच असतात." त्या हसत हसत म्हणायच्या, पण ऐकणारा हसायचा नाही.

डोंगराकडच्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो ती गोष्ट सांगते. एका घरात बाप आणि मुलगा दोन दिवसांच्या अंतराने उलट्या-जुलाबांनी मेले होते. सून वाचली होती, पण उठून बसवत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या झोपडीला बाहेरून कडी होती आणि दारात सात-आठ माणसं काठ्या घेऊन बसली होती. आत एक म्हातारी विधवा होती.

"ती भुताली हाय," एकजण म्हणाला. "तिनंच खाल्ला दोगांना."

मी ठाण्याला फोन लावत होते, रेंज नव्हती. आमच्याबरोबर एक शिपाई आणि जीपचा ड्रायव्हर, एवढेच. मॅडमनी त्या काठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मयताच्या घरात गेल्या. भांडी घासलेली. मग परसात गेल्या आणि उकिरडा उपसू लागल्या. अर्ध्या तासाने कसल्यातरी कंदाची सालं आणि एक तुकडा घेऊन आल्या. सून म्हणाली, तिने रानातून कंद खणून आणला होता, उकडून दोघांना वाढला, आपण थोडा खाल्ला. तिचं सगळं लहानपण वीटभट्ट्यांवर गेलेलं. रानात आजीच्या मागे हिंडून कंद ओळखायला शिकतात, ते वय तिचं विटा वाहण्यात गेलं होतं.

मॅडमनी तो तुकडा कडी लावलेल्या झोपडीच्या कुडातून आत सरकवला. "आजी, हे काय हाय?"

आतून म्हातारी म्हणाली, "खड्यानाग. ह्यो खायाचा नसतो."

बाहेरची माणसं उठून उभी राहिली. "बगा! तिला ठावूक हाय!"

मला वाटलं आता संपलं. मॅडम त्या माणसांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "तिला ठाऊक आहे, कारण ती शहाणी आहे. आता मी सांगते ते नीट ऐका. आजपासून दहा-बारा दिवसांत या सुनेचे केस गळतील. मुठीमुठीने. ते गळाले की तुम्ही म्हणाल, भुतालीनं केलं. म्हणून मी आजच सांगून ठेवते. हा खड्यानाग, म्हणजे कळलावीचा कंद, खाऊन जो जगतो, त्याचे केस जातात. ती या कंदाची सही आहे."

काठ्या खाली गेल्या नाहीत. मॅडमनी कडी काढली, म्हातारीला हाताला धरून जीपमध्ये बसवलं आणि सुनेला तिच्याशेजारी. म्हातारीला त्यांनी पंधरा दिवस वॉर्डात ठेवून घेतलं. कागदावर लिहिलं, रक्त कमी. त्यात खोटं काही नव्हतं, रक्त खरोखरच कमी होतं. मॅडमच्या कागदावर खोटं येत नसे. बाराव्या दिवशी सुनेच्या उशीवर केसांचे पुंजके दिसले तेव्हा मॅडमनी पाड्यावरच्या चार माणसांना मुद्दाम बोलावून ते दाखवले. माणसं बघून निमूट परत गेली. म्हातारी पुढे पाड्यावर राहिली नाही, लेकीकडे गेली. जिवंत गेली, एवढंच.

आता सरावलीचं. हे सांगायला मला जड जातं, पण त्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत.

मी बोईसरजवळच्या सरावलीत राहायचे. नवरा दिलीप कारखान्यात ऑपरेटर. आम्ही सांगलीकडचे. आमच्या चाळीत कोण बीडचं, कोण जळगावचं, कोण बिहारचं. त्या वर्षी गणपती उठले आणि चाळींतून माणसं मरायला लागली. आधी एक वेल्डर. घरातच गेला, डॉक्टरने हार्ट लिहून दिलं, दहन झालं. मग महिन्याने एक लोडर. दोघंही पिणारे. कुणी म्हणालं विषारी दारू, कुणी म्हणालं कंपनीतला गॅस. एका संध्याकाळी गेटवर घोषणाही झाल्या.

तिसरा रघुनाथ. फिटर होता, आमच्या मागच्या चाळीतला. तोही पिणारा. त्याला सकाळी जिवंत असताना दवाखान्यात आणलं, आणि ड्यूटीवर मॅडम होत्या. दोन तासांत तो गेला. मी कागद घेऊन पोचले तेव्हा मॅडम त्याच्या छातीच्या पट्टीचा, म्हणजे ईसीजीचा, कागद हातात धरून खिडकीशी उभ्या होत्या.

"नाडी अडतीस," त्या म्हणाल्या. "दारूने मरणाऱ्याची नाडी पळते, मोरे. याची बसत चालली होती. चल, घर बघू."

रघुनाथची खोली एकच. बायको सुशीला भिंतीला टेकून बसली होती. प्रेत अजून शवागारात होतं, आणि मांडणीवर भांडी चकाकत होती. मॅडम उंबऱ्यात थांबल्या.

"भांडी कुणी घासली?"

"मीच," सुशीला म्हणाली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती, इतकी घासली होती.

मॅडम आत गेल्या. मांडणीसमोर उभ्या राहून त्यांनी बोटाने मोजलं. "ताटं चार. पेले चार. वाट्या तीन." मग वळल्या. "त्याची वाटी कुठाय?"

सुशीलाने मान खाली घातली. "नाल्यात टाकली."

"त्याची वाटी वेगळी होती?"

सुशीलाने मान हलवली. आमच्या घरी दिलीपची वाटीही वेगळी होती. मीच वेगळी केली होती, आठ दिवसांपूर्वी.

बोईसरच्या बाजाराच्या तोंडाशी काळ्या छत्रीखाली एक जडीबुटीवाला बसायचा. चाळीतल्या बायका त्याच्याकडून दारू सोडवायचं औषध आणायच्या. पिवळट भुकटीची पुडी. मीही आणली होती. गणवेश घरी ठेवून, डोक्यावरून पदर घेऊन. ठाण्यात मी दुसऱ्यांच्या दारुड्या नवऱ्यांना दम भरायचे, आणि माझा नवरा चाळीच्या बोळात पडलेला असायचा. ते कुणाला सांगणार? जडीबुटीवाला म्हणाला होता, "बहनजी, दाल में डाल देना. थोड़ा कड़वा है, तेज मसाले में चल जाएगा. इक्कीस दिन. उसको पता भी नहीं चलेगा."

दिलीपला चार दिवस मळमळत होतं. मी मनात म्हणत होते, गुण येतोय.

रस्त्यावर आल्यावर मी मॅडमचा हात धरला. त्यांचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. सगळं सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "आज घातलंस?"

"डब्यात. आमटीत."

"त्याची जेवणाची सुट्टी कधी?"

"साडेबाराला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दिलीपला फोन लागेना, कामावर फोन बाहेर ठेवून घेतात. समोरून येणाऱ्या रिक्षापुढे मॅडम अक्षरशः आडव्या उभ्या राहिल्या.

कारखान्याच्या गेटवर वॉचमन पास मागत राहिला. "मॅडमजी, बिना पास के अंदर नहीं," असं त्याचं चाललेलं असताना मॅडम त्याच्या हाताखालून वाकून आत गेल्या. मी मागोमाग. कॅन्टीनमध्ये पंख्याखाली, लांब टेबलाच्या टोकाला दिलीप बसला होता. पुढ्यात डबा उघडा. भात अर्धा संपलेला.

"तू इथं कशी?" तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळावर नजर लावली. "आमटी खाल्ली?"

"अर्धी. कडू लागतीय आज."

"दिसतंय कसं?"

"कसं म्हणजे?" दिलीपने वर दिव्याकडे पाहिलं. "दोन दिवस झालं, दिव्याच्या भोवती पिवळं कडं दिसतंय. झोप नाही म्हणून असंल."

मॅडम त्याचं मनगट सोडेनात. दुसऱ्या हाताने त्यांनी आमटीचा डबा उचलला, झाकण घट्ट बसवलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. इतकी वर्षं त्या न घासलेलं भांडं शोधत होत्या. ते त्यांना मिळालं, आणि ते माझं होतं.

कंपनीच्या गाडीतून दिलीपला घेऊन निघालो. गेटबाहेर पडताना मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, "थांब जरा." कंपाउंडच्या कडेने कण्हेर लावलेली होती, लांबच लांब, गुलाबी फुलांनी भरलेली. आमच्याकडे सगळ्याच कारखान्यांभोवती ती असते. धुराने मरत नाही आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. मी रोज त्या फुलांवरून जायचे. "नाडी बसते आणि पिवळं दिसतं, ते हिच्या विषाने," म्हणत मॅडमनी बोट केलं. आतल्या बाजूच्या फांद्या कोयत्याने कापून नेलेल्या होत्या. एका झाडाच्या, दुसऱ्या झाडाच्या, पुढच्याही. फुलं तशीच ठेवून, आतून पोखरल्यासारख्या. त्यांनी खाली उतरून एक डहाळी तोडली, रुमालात गुंडाळली आणि परत येऊन दिलीपचं मनगट धरलं.

दिलीप वाचला. तीन दिवस मोठ्या दवाखान्यात यंत्राला लावलेला होता, दोनदा त्याचं हृदय थांबतं की काय असं झालं.

त्यातल्या दुसऱ्याच दिवशी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर पेन्सिल आणि कोरी चिठ्ठी. डबा कपाटात कुलपात होता. घरातली उरलेली पुडीही मी आणून दिली होती.

"हा डबा कुणाच्या घरचा, ते लिहायचं हाय," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. नोकरी जाईल म्हणाले. नवऱ्याला विष घातलं म्हणून मलाच आत टाकतील म्हणाले. सापडला असं लिहा, म्हणाले. बाजारात, रस्त्यावर, कुठेही.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनंदा, मी खोटं लिवलं तर हा नुसता डबा हाय. कोर्टात वकील पयला प्रश्न विचारेल, कुनाचा? मग तो बाबा परत छत्रीखाली बसेल. बाकीच्या बायका अजून घालतायत. आत्ता, या टायमाला, कोनीतरी आमटीत ढवलतेय."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली नाही. हातात धरून बसून राहिल्या. शेवटी मी माझं नाव सांगितलं आणि त्यांनी ते सावकाश, नीट, अक्षर अक्षर लिहिलं.

मी निलंबित झाले, चौकशी झाली, मग परत घेतलं, पण ठाणं सुटलं, कोर्टाच्या बंदोबस्तावर टाकलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. दिलीप सहा महिने गावाला राहून परत आला. दारू त्याची पुरती सुटली नाही. पण आजही मी पहिला घास घेतल्याशिवाय तो ताटाला हात लावत नाही. दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

माझा जबाब झाल्यावर मॅडम सरावलीत चाळ-चाळ फिरल्या. अंगणवाडीत एक पत्र्याचा डबा ठेवला आणि बायकांना सांगितलं, "पुडी आणून यात टाका. नाव नको, काही नको. पण आज टाका." पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सुशीला आली आणि सगळ्यांदेखत तिने अर्धी उरलेली पुडी त्यात टाकली. मग बाकीच्या. भाजी आणायला निघाल्यासारख्या यायच्या, पदराआडून टाकायच्या, मागे न बघता जायच्या. चौथ्या दिवशी डब्याचं झाकण लागेना. मी त्या डब्याकडे बघत असे, आणि चाळीत संध्याकाळी भांड्यांचे आवाज सुरू झाले की माझ्या अंगावर काटा यायचा. किती घरांतून, किती दिवस, आम्ही सगळ्या गुपचूप ढवळत होतो.

जडीबुटीवाल्याला त्याच्या झोपडीत धरलं, ओळख पटवायला मलाही नेलं होतं. आत गोणपाटावर पानं वाळत घातलेली, फांद्यांची सोललेली साल. पूर्वी तो त्याच्या मुलखातलं कसलंतरी मूळ विकायचा. मागणी वाढली, मूळ संपलं, मग जे जवळ उगवलं होतं ते घेतलं. त्याचा चेहरा मला आठवतो. भीती नव्हती त्यावर. "मैंने किसी को नहीं मारा, बहनजी," तो मला म्हणाला. "दारू मारती है. मैं तो छुड़ाता हूँ."

रघुनाथच्या बरण्यांबरोबरच्या पत्रात मॅडमनी कण्हेर लिहिली होती, पण जुळवून बघायला नमुना नव्हता; पहिला कागद आला, विष आढळून आले नाही. मॅडमनी दुसरं पत्र लिहिलं. माझ्या डब्यातली आमटी, पुडी आणि ती कण्हेरीची डहाळी बरोबर पाठवली आणि लिहिलं, या तिन्हींत जे आहे तेच बरणीत शोधा. या वेळी सापडलं. आधीच्या दोघांचं मात्र काहीच उरलं नव्हतं. त्यांच्या बायकांना काय उत्तर द्यायचं ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी तसंच सांगितलं.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. मॅडमची साक्ष पालघरच्या कोर्टात झाली त्या दिवशी मी त्याच कोर्टात दुसऱ्या खटल्यातल्या एका आरोपी बाईच्या बंदोबस्तावर होते. वकिलाने त्यांना तीन तास उभं ठेवलं. रघुनाथ दारूनेच गेला असेल की नाही, असं सात प्रकारे विचारलं. मॅडमनी सातही वेळा त्याच आवाजात उत्तर दिलं. पुढे जडीबुटीवाल्याला शिक्षा झाली, ती प्रामुख्याने या साक्षीवर.

साक्ष संपवून त्या बाहेर व्हरांड्यात आल्या. सुशीला बाकावर बसली होती. तीही साक्षीदार होती, तिची साक्ष आधीच होऊन गेली होती. ती उठली.

"मॅडम, तुम्ही आत बोललात ते मला काई उमगलं नाही," ती म्हणाली. "मला साधं सांगा. ह्यांना मी मारलं का?"

सरकारी वकील मध्ये पडले, "ताई, ते नंतर बघू." मीही मनातल्या मनात मॅडमना विनवत होते, नाही म्हणा, एकदा नाही म्हणा.

मॅडमनी चष्मा काढला. "पुडीमुळंच गेला," त्या म्हणाल्या. "पुडी तुझ्या हातची होती. पन ती काय होती, ते तुला ठावूक नव्हतं, बाय. दोनी गोष्टी खऱ्या हायत. मी तुला एकच सांगू शकत नाय."

सुशीला रडली नाही. तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडली. डावीकडे रिक्षा उभ्या असतात. ती उजवीकडे वळली, रुळांकडे जाणाऱ्या रस्त्याने.

मॅडमनी हातातली फाइल माझ्याकडे दिली आणि निघाल्या. माझ्या हाताला त्या आरोपी बाईची बेडी होती, मला हलता येईना.

सुशीला त्या दिवशी सुखरूप घरी पोचली, आणि आजही सरावलीत कामगारांच्या एका खानावळीत पोळ्या लाटते. तिनेच मला नंतर सांगितलं की बीडहून बहीण येईपर्यंत मॅडम तिच्या पायरीवर बसून होत्या, एक शब्द न बोलता. त्याच महिन्याच्या शेवटी मॅडम निवृत्त झाल्या. फाइल मी दवाखान्यात नेऊन दिली तेव्हा त्या सातपाटीला निघून गेलेल्या होत्या. भेटायला जाऊ, जाऊ म्हणता राहिलं, आणि मग त्या गेल्याचंच कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या व्हरांड्यातून. दुपारचा रस्ता रिकामा होता. पुढे सुशीला, मागे दहा पावलांवर मॅडम. सुशीलाने वेग वाढवला की त्या वाढवत, ती थांबली की त्या थांबत. एकदा सुशीला गर्रकन वळली आणि त्यांच्याकडे हात करून काहीतरी ओरडली. एवढ्या लांबून शब्द कळले नाहीत. मॅडम भर उन्हात हात खाली सोडून उभ्या राहिल्या आणि तिचं ओरडून होईपर्यंत ऐकून घेतलं. मग सुशीला पुन्हा चालू लागली. मॅडमनी दहा पावलं पडू दिली आणि त्या तिच्यामागे निघाल्या.